काचवाल्याचा उजवा खांदा

माझ्या बायकोचा धाकटा भाऊ बावीस वर्षं काचा बसवण्याचं काम करत होता. घरात त्याला सगळे बापू म्हणतात. माझ्यापेक्षा तो अकरा वर्षांनी लहान. आमच्या लग्नात तो शाळेत होता आणि पाहुण्यांसमोर हाताचा अंगठा मागे वळवून मनगटाला टेकवून दाखवायचा. म्हाताऱ्या बायका डोळे मिटून घ्यायच्या आणि त्याला मोठी गंमत वाटायची. त्या घरात सगळ्यांचेच सांधे असे लवचीक आहेत. माझी बायको अजूनही मांडी घालून दोन्ही गुडघे जमिनीला सपाट टेकवते आणि मला लाकडाचा ओंडका म्हणते.

काचवाला म्हटलं की हिऱ्याने काच कापणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. कापणं दुकानात होतं. बापूचं काम त्याच्या पुढचं. कापलेली मोठी काच टेम्पोतल्या काच टेकवायच्या लाकडी घोडीवरून उतरवायची, गिऱ्हाइकाच्या मजल्यावर न्यायची आणि चौकटीत बसवायची. मोठी काच लिफ्टमध्ये मावत नाही. ती जिन्यानेच जाते, आणि तिला दोन माणसं लागतात. एकाला वरचा म्हणतात, दुसऱ्याला खालचा. वरचा पुढे चालतो. त्याचा एक हात काचेच्या खालच्या कडेला असतो आणि दुसरा डोक्याच्या वर, मागे वळलेला, वरची कड धरून. खालचा मागून वजन रेटतो आणि प्रत्येक वळणावर काच उभी फिरवतो. बापू नेहमी वरचा. खालचा त्याचा जोडीदार. त्याला सगळे मास्तर म्हणत, कारण चौथीत शाळा सोडूनही दुसऱ्यांच्या चुका काढण्यात तो पटाईत होता.

या दोघांचं काम मी एकदाच पाहिलं, आमच्या ऑफिसच्या तिसऱ्या मजल्यावर पार्टिशन बसलं तेव्हा. एरवी एकमेकांची टर उडवत चालणारी ही माणसं जिन्यात मात्र एक शब्द बोलली नाहीत. बापूच्या कानावर माशी बसली होती. ती दोन मजले तशीच बसून आली. खाली ठेवल्यावर मी विचारलं, तर तो म्हणाला की वरच्याने अंग चोरलं की ते काचेतून खालच्याला कळतं आणि त्याचं पाऊल चुकतं. म्हणून वरच्याने काहीही झालं तरी हलायचं नाही, चेहराही नाही. पहिल्या वर्षात हे जमलं नाही तर माणसाने दुसरा धंदा बघावा. शेजारून मास्तर म्हणाला, बापूचा चेहरा इतका पक्का झालाय की त्याला लॉटरी लागली तरी बायकोला कळायचं नाही.

तीन वर्षांपूर्वी एका रविवारी बापू आमच्याकडे जेवायला आला होता. हात धुताना शर्ट भिजला, म्हणून बायकोने माझा शर्ट दिला. उजवा हात बाहीत घालता घालता तो थांबला. तोंडातून आवाज नाही. फक्त खांद्याचा गोल भाग नाहीसा झाला होता आणि तिथे एक चौकोनी कोपरा दिसत होता. मी त्याला रिक्षाने सरकारी इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी हळूहळू हात फिरवत सांधा जागेवर बसवला, फोटो काढला, हात गळ्यात बांधून दिला. फोटोत खास काही नाही म्हणाले. पुढच्या दोन महिन्यांत आणखी दोनदा असंच झालं, एकदा टेम्पोचं दार ओढताना आणि एकदा फळीवरून डबा काढताना. मग त्यांनी आम्हाला फिजिओथेरपीच्या विभागात पाठवलं.

आम्हाला म्हटलं ते खरंच. सोबत मी जायचो. कागद नीट ठेवायची मला सवय आहे आणि रजा शिल्लक होती. पहिल्याच दिवशी मी एक फाईल केली. बापू म्हणाला, भाऊजी, ही फाईल बरी झाली की मलाही बरं वाटेल.

त्या विभागातल्या बाई चाळिशीच्या असतील. बोलणं भरभर आणि हात मात्र संथ. खोलीत चार खाटा, भिंतीला लावलेला लांब आरसा, खिळ्याला टांगलेले रंगीत रबरी पट्टे. त्यांनी आधी पाऊण तास नुसतं विचारलं. पहिल्यांदा कधी निसटला, काय करताना, कुठल्या बाजूला, आपोआप बसला की बसवावा लागला, झोपेत निसटतो का, मुद्दाम काढून दाखवता येतो का. बापूने सांगितलं, पहिल्यांदा दोन महिन्यांपूर्वी, भाऊजींच्या घरी, शर्ट घालताना. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. माझ्या डोळ्यांदेखत झालं होतं.

बाईंनी पुन्हा विचारलं, त्याच्या आधी कधी पडलात, हाताला हिसका बसला, कुठून लटकलात? बापू नाही म्हणाला. बाईंनी तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत तिसऱ्यांदा विचारला. तो तिसऱ्यांदाही नाहीच म्हणाला.

मग तपासणी. अंगठा मनगटाला टेकतो का, तर टेकला. करंगळी उलटी होते का, तर झाली. कोपर सरळ करताना मागे वाकतं का, तर वाकलं. बाई म्हणाल्या, भाऊ, तुम्ही काचेचं काम करता की रबराचं? मग त्यांनी कोपर धरून हात सरळ खाली ओढला, तर खांद्याच्या टोकाखाली बोट बसेल एवढी खळी पडली. दुसऱ्या, चांगल्या खांद्यालाही तशीच पडली. त्यांनी दोन्ही लिहून घेतलं.

शेवटी त्यांनी बापूला खाटेवर उताणं झोपवलं. उजवा हात बाजूला काढला, कोपर काटकोनात वाकवलं आणि तळवा हळूहळू डोक्याच्या दिशेने मागे नेऊ लागल्या. नेताना त्या हाताकडे बघत नव्हत्या, बापूच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. खांदा निसटणार असं वाटलं की माणूस कपाळाला आठी घालतो, अंग चोरतो, हात आवळतो, आणि ती भीती हीच या तपासणीची खूण, हे मला नंतर कळलं.

"निसटेल असं वाटतंय?"

"नाही."

"भीती?"

"कसली, मॅडम? तुम्ही धरलाय ना."

चेहरा स्वच्छ. पापणीसुद्धा लवली नाही. मी पायथ्याशी स्टुलावर बसलो होतो. हात मागे जाऊ लागला तशी त्याच्या मोज्यातली पायाची बोटं आत वळली, मूठ आवळावी तशी. मला वाटलं गार लागत असेल, पंखा बरोबर पायांवर होता. तपासणी बाई करत होत्या. मी कशाला मध्ये बोलू?

तपासून झाल्यावर त्यांनी कागदावर एक त्रिकोण काढला आणि आम्हा दोघांना समजावून सांगितलं. असा सैल खांदा तीन तऱ्हेचा असतो. पहिल्या कोपऱ्यात ज्यांना जोराचा मार लागून खोबणीची कड फाटली किंवा तुटली ती माणसं. दुसऱ्यात, मार लागलेला नसतो पण सांध्याभोवतीची पिशवी मुळातच ढिली असते ती. तिसऱ्यात, सांधा ठाकठीक असतो, पण स्नायू चुकीच्या वेळी ओढतात आणि तेच त्याला बाहेर काढतात ती. बहुतेक लोक मध्येच कुठेतरी असतात. पहिल्या कोपऱ्यातल्यांचं ऑपरेशन वेळेत झालं तर बरं. उरलेल्या दोघांना मात्र व्यायामच लागतो, कापाकापीने नुकसान होऊ शकतं. बापूच्या नावाचा ठिपका त्यांनी दुसऱ्या आणि तिसऱ्या कोपऱ्यांच्या मध्ये दिला. त्यांच्यापुढे होतं त्यावरून दुसरीकडे देण्यासारखं काहीच नव्हतं. मी आजही त्यांना दोष देत नाही.

घरी आनंदीआनंद झाला. ऑपरेशन नाही म्हणून बायकोने शेजारणीला बोलावून सांगितलं. बापूने विचारलं होतं की जिन्याने काच न्यायला कधी लागेन, तर बाई म्हणाल्या होत्या की सहा महिने नेमाने करा, मग बघू. तोवर काच उचलायची नाही. बापूने ते सहा महिने मोजायला घेतले. त्याला एवढंच हवं होतं. मास्तर दुकानात वजनाची कामं न घेता पुट्टी भरायची, जुन्या चौकटी साफ करायची असली कामं घेत थांबला होता, आणि दुकानदाराने त्याच्यासाठी दुसरा वरचा सुचवला तर तो ऐकून न ऐकल्यासारखं करत होता.

व्यायामाचा मी तक्ता केला. सकाळ-संध्याकाळ, कुठला प्रकार, किती वेळा, सांधा निसटला का, दुखलं का. पहिले दोन महिने नुसतं आरशासमोर उभं राहून पाठीमागचा फरा, म्हणजे खांद्यामागचं चपटं हाड, जागेवर बसवायला शिकणं. खांदा न उचलता, छाती न फुगवता. फरा डळमळीत तर त्याच्यावरचा हात डळमळीत, असं बाई म्हणायच्या. मग बगलेत टॉवेलची घडी धरून रबरी पट्टा बाहेर ओढायचा, आत ओढायचा. भिंतीवर चेंडू तळव्याने दाबून गोल फिरवायचा. हातागुडघ्यांवर ओणवं होऊन डावा हात उचलायचा, म्हणजे सगळा भार उजव्यावर. बापूची बायको बाजूला बसून आकडे मोजायची आणि मध्येच मुद्दाम दोन आकडे मागे जायची. तो म्हणायचा, हिला माझा खांदा नको, सूड हवाय.

एक व्यायाम डोळे मिटून करायचा असे. बाई त्याचा हात हवेत एका जागी नेऊन ठेवायच्या, खाली आणायच्या आणि म्हणायच्या, आता तिथेच ने. सैल खांद्याच्या माणसांना हे सुरुवातीला जमत नाही. हात कुठे आहे हेच त्यांना नीट कळत नाही. बापूचा हात पहिल्या दिवसापासून दर वेळी बरोबर त्या जागी जाई. बाई म्हणाल्या, कमाल आहे, या गटातल्या माणसाचं इतकं अचूक मी पाहिलं नाही. मी ते वाक्य तारखेसह फाईलमध्ये लिहिलं. त्यांनीही लिहिलं. त्याचा अर्थ लावायचं दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

सहा महिने झाले. दंड भरला, पाठ ताठ झाली, बापू वर्षभरात दिसला नव्हता इतका छान दिसू लागला. बाईंनी आणखी तीन महिने सांगितले, मग आणखी दोन. माझ्या तक्त्यात 'निसटला' या रकान्यात बहुतेक ठिकाणी शून्य होतं. मी ते ऑफिसमधल्या मित्रांना दाखवलंसुद्धा. पुढे बापूच्या बायकोकडून कळलं की मी शून्य भरलं तिथे कुठे दोन, कुठे तीन होते. कूस वळताना, खण ओढताना, एकदा नुसतं शिंकताना. तो स्वतःच भिंतीला हात लावून बसवायचा आणि तिला बजावायचा की भाऊजींना सांगू नकोस, त्यांचा तक्ता बिघडेल. माझा तक्ता!

उपचाराच्या चौदाव्या महिन्यात एक दिवस दुपारच्या सुट्टीत मास्तर माझ्या ऑफिसात आला. एरवी दारातूनच कुणाची तरी चूक काढत येणारा माणूस, त्या दिवशी खुर्चीच्या कडेवर बसला. चहा मागवला तर नको म्हणाला. मी विचारलं, बापूचं काही? तो टेबलावरचा पेपरवेट फिरवू लागला.

"साहेब, तो खांदा शर्टाने नाही गेला. माझ्यामुळे गेला."

मग त्याने सगळं सांगितलं. सहा वर्षांपूर्वी एका जुन्या इमारतीत पाचव्या मजल्यावर जाडजूड काच न्यायची होती. चौथ्या मजल्याच्या वळणावर पायरीची कड झिजलेली होती. मास्तरचा पाय घसरला आणि तो गुडघ्यांवर बसला. सगळं वजन एका क्षणात वरच्यावर गेलं. बापूचा वर मागे वळलेला उजवा हात हिसडा बसून खांद्यातून निघाला. मास्तरने आवाज ऐकला. बापूने त्या क्षणी काच सोडली असती तर ती सरळ मास्तरच्या मानेवर आली असती. त्याने सोडली नाही. निखळलेल्या हाताने तशीच धरून ठेवली, मास्तर उठून वजन घेईपर्यंत. आणि मग उरलेला मजला दोघे चढले. काच बसवली. खाली टेम्पोत येऊन मास्तरने बगलेत पाय लावून हात ओढला तेव्हा कुठे तो जागेवर गेला.

मी म्हटलं, आणि दवाखाना? मास्तर म्हणाला की बापूनेच नको म्हटलं. दवाखान्यात गेलं की कसं झालं ते सांगावं लागणार, मग दुकानात कळणार की जिन्यात खालच्याचा पाय सुटला. धंद्यात ज्याचा पाय एकदा सुटला त्याला पुन्हा जिन्यावर कुणी घेत नाही. दुकानं एकमेकांना सांगतात. मास्तरच्या दोन मुलींची शिक्षणं तेव्हा चालू होती. बापूने त्याला गळ्याची आण घातली होती की हे टेम्पोबाहेर जायचं नाही. त्यानंतर कामावर असेपर्यंत किती वेळा निसटला असेल, असं मी विचारलं. तीस झाले तिथपर्यंत आपण लक्षात ठेवलं, असं तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी बापूला न सांगता बाईंना भेटलो आणि ऐकलेलं सगळं सांगितलं. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी नुसता जुना कागद काढला आणि पहिलं पान बराच वेळ वाचलं. तेव्हा मी पायांच्या बोटांचंही सांगितलं. चौदा महिने उशीर झाला होता. 

त्या आठवड्यात त्यांनी बापूला पुन्हा खाटेवर झोपवलं. मला म्हणाल्या, काका, तुम्ही फक्त पायांकडे बघा. त्यांनी हात मागे नेला. चेहरा जसाच्या तसा. पायाची बोटं मात्र घट्ट मिटली. मग त्यांनी खांद्याच्या पुढच्या बाजूने तळव्याने दाब दिला, म्हणजे सांध्याला पुढून आधार मिळाला, तशी बोटं सुटली. दाब काढला, मिटली. मी दर वेळी मान हलवून खूण करत होतो. तीनदा केल्यावर बाईंनी हात अलगद खाली ठेवला.

"भाऊ, मी तुमचा चेहरा बघत बसले."

बापू छताकडे बघत पडून राहिला. मास्तर बोलला ना, एवढंच त्याने विचारलं. मी हो म्हटलं.  मास्तरशी त्याने पुढे दोन महिने अबोला धरला, खांदा गेला म्हणून नव्हे, आण मोडली म्हणून.

मग मशीनमध्ये घालून काढलेला तपशीलवार फोटो आणि हाडांच्या मोठ्या डॉक्टरांची भेट. डॉक्टर सभ्य होते, घाईत होते, पण त्यांनी फोटो आमच्याकडे वळवून दाखवला. खांद्याची खोबणी बशीसारखी असते. बापूच्या बशीची पुढची कड पाव भागाहून जास्त झिजून गेली होती. आत बसणाऱ्या गोल हाडाला मागून खड्डा पडला होता. दर वेळी निसटताना एक दुसऱ्यावर घासत आलं होतं, आणि मधलं गुळगुळीत आवरणही बऱ्याच ठिकाणी उरलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, सुरुवातीलाच आला असतात तर फाटलेली कड शिवून भागलं असतं. गेल्या वर्षीही काही वेगळं जमलं असतं, नक्की सांगता येत नाही. आता फऱ्याच्या पुढच्या टोकाचं हाड काढून स्क्रूने तिथे बसवता येईल. त्याने निसटणं बहुधा थांबेल. दुखणं राहील, कारण सांधाच झिजला आहे. हात वर आणि मागे पूर्वीसारखा जाणार नाही. डोक्याच्या वर वजन धरणं नाही, ऑपरेशन केलं तरी नाही, न केलं तरी नाही.

बापूने नीट ऐकून घेतलं. मग एकच विचारलं. वरचा नाही, पण खालचा होता येईल का?

डॉक्टरांना कळेना. मी समजावून सांगू लागलो, तर बापू स्वतःच उठला आणि त्या छोट्या खोलीत, खुर्ची बाजूला सारून, खालचा कसा उभा राहतो ते दाखवू लागला. गुडघे जरा वाकलेले, डावा हात खाली, उजवा छातीच्या उंचीवर पसरलेला, आणि वळणावर तोच हात खांद्याच्या वर नेऊन काच उभी फिरवायची. फिरवून दाखवताना त्याचा उजवा हात अर्ध्यावर थांबला. त्याने डाव्या हाताने तो कोपराजवळ धरून उरलेलं वर नेला, म्हणजे डॉक्टरांना पूर्ण कल्पना यावी.

डॉक्टरांनी हळू मान हलवली. नाही म्हणाले.

ऑपरेशनवरून बहीणभावात खूप वाजलं. काच उचलता येणार नसेल तर कापून घेऊन काय करू, असं त्याचं म्हणणं. माझी बायको म्हणायची, शर्ट तरी नीट घालता येईल, शिंकता तरी येईल. तू काय फक्त काच उचलायला जन्माला आलास का?  ती स्वयंपाकघरात गेली आणि भांडी आपटत राहिली. तेव्हापासून दर काही दिवसांनी ती मला विचारते, दुसऱ्या एखाद्या डॉक्टरला दाखवू या का. आम्ही दोघांना दाखवलं. दोघांनी तोच फोटो उजेडाकडे धरला आणि शब्द तेवढे बदलून तेच सांगितलं.

अबोला संपल्यावर मास्तर घरी आला. मी तिथे होतो. दुकानदाराने आता दुसरा वरचा घे नाहीतर तू पण नको, असं सांगितलं होतं. मास्तरला ते बोलता येईना. इकडचं तिकडचं बोलून तो पाणी पीत राहिला. शेवटी बापूनेच विचारलं, कुणाला देतायत? मास्तरने नाव सांगितलं. चाळिशीचा, दुसऱ्या दुकानात काम केलेला माणूस.

"घे त्याला. पाऊल लांब टाकतो तो. वळणावर आखूड टाकायला सांग."

मास्तर उठून गेला. दारात तो वाकून चपला शोधत राहिला. त्या त्याने केव्हाच पायात घातल्या होत्या.

मी आमच्या कंपनीत डिस्पॅचच्या खिडकीवर बापूला बसवलं. आल्यागेल्या पाकिटांची नोंद करायची, बसून काम. सगळ्यांशी तो चांगला वागला, कुणाला एक शब्द दुखावणारा बोलला नाही. अकरा दिवसांनी मला म्हणाला, भाऊजी, तुमचं नाव खराब होऊ नये म्हणून सांगतो, मी उद्यापासून येत नाही. मी कारण विचारलं. त्याने त्या खिडकीच्या टेबलावर आपले दोन्ही हात पालथे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिला. 

ऑपरेशन त्याने करून घेतलंच नाही. व्यायामाला मात्र तो जात होता, कारण बाई म्हणायच्या की निसटणं निदान कमी राहील. त्या मनापासून करत. पण आता रबरी पट्टा ओढताना त्याची बायको मोजत नव्हती आणि त्या खोलीत कुणी थट्टाही करत नव्हतं. गेल्या महिन्यात बाईंनी आम्हाला टेबलाशी बसवलं. म्हणाल्या, आता माझ्याकडून करण्यासारखं उरलं नाही, हेच घरी चालू ठेवा. विभागाच्या नियमाप्रमाणे त्यांना कार्ड पुरं करून द्यायचं होतं. शेवटच्या रकान्यात तीन पर्याय असतात. सुधारणा, जैसे थे, बिघाड. बाईंनी पेन उचललं आणि बापूकडे पाहिलं.

"बरं आहे, लिहा," तो म्हणाला. चेहरा स्वच्छ.

मी नकळत टेबलाखाली त्याच्या पायांकडे पाहिलं. मग बाईंकडे पाहिलं. त्यांनी त्याला पुन्हा विचारलं नाही. शेवटच्या पर्यायावर खूण केली, सही केली आणि कार्ड माझ्या हातात दिलं, कारण कागद मी ठेवतो हे त्यांना माहीत होतं.

बाहेर स्टॉपवर आम्ही बसची वाट बघत उभे राहिलो. गर्दी नव्हती. बापूने माझ्या हातातलं कार्ड घेतलं, डाव्या हाताने. पुढून वाचलं, मागून वाचलं.

"भाऊजी, पुढची तारीख नाही दिली."

मी म्हटलं, नाही.

त्याने कार्ड पुन्हा उलटं करून पाहिलं, जणू मी पाहताना चुकलो असेन, आणि मला परत दिलं. बस आली तेव्हा आधी मी चढलो. तो मागून चढला, आणि बसायला जागा असूनही दाराजवळच्या खांबाला डाव्या हाताने धरून आमच्या स्टॉपपर्यंत उभाच राहिला.